जर्मनीत डबाबंद मासे घेताना

ताई, मुलाला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू, जव, राय यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन त्याला सोसत नाही, घरात माशाशिवाय पान हलत नाही आणि लवकरच हांबुर्गला येताय, तर इथले डब्यातले मासे चालतील का, असं विचारलंत. चालतील. फक्त डबा उलटा करून मागचं वाचल्याशिवाय टोपलीत टाकू नका.

माशात ग्लुटेन नसतंच, घोळ सॉसमध्ये आणि वरच्या पिठात असतो. साध्या तेलातल्या सार्डिनच्या किंवा स्वतःच्या रसातल्या ट्यूनाच्या डब्यावर मासा, तेल किंवा पाणी, मीठ, संपलं. कांदा, तिरफळ, कोकम घालून या ट्यूनाचं सुकं झकास होतं. टोमॅटो नि मोहरीच्या सॉसमधलं हेरिंग मात्र कंपनीगणिक वेगळं. आमच्याकडे नवऱ्यासाठी आणलेल्या एका डब्यावर पाणी, मोहरी, साखर यांच्या रांगेत मध्येच 'वाइत्सेनमेल' आहे, म्हणजे गव्हाचं पीठ. ब्राटहेरिंगच्या वाटेला जाऊच नका, ते पिठात घोळवून तळतात नि मग व्हिनेगरमध्ये मुरवतात. सुरिमीच्या, म्हणजे नकली खेकड्याच्या कांड्यांतही बऱ्याचदा गव्हाचं स्टार्च असतं.

युरोपच्या कायद्यानुसार ग्लुटेनचं धान्य घटकांच्या यादीत उठून दिसेल असं छापावं लागतं, बहुधा ठळक अक्षरांत. वाइत्सेन (गहू), गेर्स्टे (जव), रोगेन (राय) आणि डिंकेल ही नावं डोळ्यांत बसवा. डिंकेल हाही गव्हाचाच भाऊ, हेल्दी म्हणून कुणी दिला तरी नको. नुसतं 'मोडिफित्सीर्टे श्टेर्के', म्हणजे प्रक्रिया केलेलं स्टार्च, दिसलं तर घाबरू नका, ते स्टार्च गव्हाचं असतं तर तसं लिहावंच लागलं असतं. 'श्पुरेन', म्हणजे अंश असू शकतो, ही सूचना मात्र कंपनीच्या मर्जीवर. ती नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. मुलासाठी शक्य तिथे 'ग्लुटेनफ्राय', म्हणजे ग्लुटेनमुक्त, लिहिलेलंच घ्या, त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. फ्रीझरमध्ये साधी कोळंबी मिळते, आणि शोधलेत तर ग्लुटेनमुक्त फिश फिंगरसुद्धा.

सुकट, सोडे खुशाल आणा. घरच्या वापरासाठी माशांचे पदार्थ 20 किलोपर्यंत चालतात. तूप मात्र चालत नाही, दुधाच्या पदार्थांत मोडतं. आणि हिंगाची डबी बॅगेत टाकण्याआधी वाचा, आपल्याकडच्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या पिठातलं मिळतं, ते आणा.