वाचकांचे प्रश्न : मेरीलँडचा ध्वज

प्रश्न : अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांच्या ध्वजांवर निळ्या कापडावर राज्यमुद्रा असते. मेरीलँडचाच ध्वज इतका वेगळा कसा?

उत्तर : कारण तो मुळात एका घराण्याच्या ढालीवरचं चिन्ह आहे. १६३२ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने ही वसाहत सनदेने सेसिल कॅल्व्हर्ट, म्हणजे दुसरे लॉर्ड बाल्टिमोर, यांना दिली. ध्वजावरचे काळे-सोनेरी भाग कॅल्व्हर्टांचे. लाल-पांढरे भाग क्रॉसलँड घराण्याचे. सेसिलचे वडील जॉर्ज यांचं ते आजोळ.

यादवी युद्धात हे रंग एकमेकांविरुद्ध उभे राहिले. मेरीलँड संघराज्यातच राहिलं, पण तिथले अनेक जण संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेच्या बाजूने लढायला गेले. त्यांनी लाल-पांढरा रंग आपला मानला आणि क्रॉसलँडचा क्रूस गणवेशावर लावला. काळा-सोनेरी संघराज्याच्या बाजूचा ठरला. दोन्ही एकत्र असलेला ध्वज १८८० मध्ये बाल्टिमोर शहराच्या १५० व्या वर्धापनाच्या मिरवणुकीत दिसला, आणि ९ मार्च १९०४ रोजी कायद्याने राज्यध्वज झाला. त्यामुळे घराण्याच्या थोरवीपेक्षा दुभंगलेल्या माणसांचा समेट म्हणूनच तो वाचावा, असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : ३६ × २४ इंचांच्या कागदावर हा ध्वज दोनदा रंगवला, दोन्ही वेळा मध्येच रंग चुकले. काय करावं?

उत्तर : माप बरोबर घेतलंत, लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ च आहे. चूक होते ती एकेक पट्टा रंगवत पुढे गेल्यामुळे. आधी सगळ्या रेषा पेन्सिलीने आखून घ्या, रंग नंतर.

कागदाचे १८ × १२ इंचांचे चार भाग करा. काठीकडचा वरचा आणि त्याच्या तिरकस समोरचा खालचा हे कॅल्व्हर्टांचे, उरलेले दोन क्रॉसलँडचे. कॅल्व्हर्ट भागात ३ इंचांचे सहा उभे पट्टे आखा. मग काठीकडच्या वरच्या कोपऱ्यातून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरका पट्टा काढा. त्याच्या दोन्ही कडा कर्णाला समांतर आणि कर्णापासून सारख्या अंतरावर हव्यात.

आता नियम एकच : रेषा ओलांडली की रंग बदलतो. उभी रेषा असो वा तिरकी, सोनेरीच्या पलीकडे काळा आणि काळ्याच्या पलीकडे सोनेरी. काठीकडचा पहिला उभा पट्टा सोनेरी, म्हणून त्यावरून जाणारा तिरका तुकडा काळा. प्रत्येक तुकड्यात पेन्सिलीने ‘का’ किंवा ‘सो’ लिहून काढा. एकाच रंगाचे दोन तुकडे फक्त टोकाला टेकायला हवेत. त्यांची कड सामाईक निघाली, तर कुठेतरी चुकलंय.

क्रॉसलँड भागाचे ९ × ६ इंचांचे चार चौकोन होतात : काठीकडचा वरचा आणि समोरचा खालचा पांढरे, बाकी दोन लाल. क्रुसाच्या प्रत्येक भुजेच्या टोकाला तीन गोल कळ्या असतात. इथे नेहमीची चूक म्हणजे अख्खी भुजा एका रंगाने भरणं. मधली रेषा भुजेच्या बरोबर मधून जाते, म्हणून प्रत्येक भुजा अर्धी लाल, अर्धी पांढरी. पांढऱ्यावर पडणारा अर्धा लाल, लालवरचा अर्धा पांढरा.

प्रश्न : ध्वज उलटा लागलाय हे कसं ओळखायचं?

उत्तर : लाल-पांढऱ्या भागांच्या नुसत्या नक्षीवरून कळणार नाही, ते उलटे केले तरी तसेच दिसतात. काठीच्या वरच्या टोकाजवळचा कोपरा बघा. तो काळा असेल तर ध्वज सुलटा, लाल असेल तर उलटा. मागच्या बाजूने बघितलं तरी हीच खूण चालते. काठीच्या टोकाला शोभेचं काही लावायचंच असेल, तर १९४५ च्या कायद्याप्रमाणे तिथे फक्त कळ्यांचा सोनेरी क्रूसच चालतो, गरुड किंवा भाल्याचं पातं नाही.