पोर्शचं स्मॉग नंतर बघू, आधी त्या पॉलिसीचं बघा

पत्र फ्रीमाँटहून आलंय. वय ३८, नवरा-बायको दोघंही नोकरीत, दोन मुलं. तीन महिन्यांपूर्वी सॅक्रामेंटोच्या एकाकडून १९८२ ची पोर्श ९११ एससी घेतली, ४८,००० डॉलर, स्मॉग सर्टिफिकेट न बघता, आणि ती स्मॉग टेस्टला (धुराची सक्तीची तपासणी) आपटली. गॅरेजवाला ७,५०० सांगतोय. खर्च करू, नेवाडात विकू, की "लेनो लॉ" (जुन्या गाड्यांना स्मॉगमधून सोडू पाहणारा प्रस्तावित कायदा) येईपर्यंत झाकून ठेवू, असा प्रश्न आहे. आणि शेवटी जाता जाता एक वाक्य: पैशाचं टेन्शन नाही, आययूएल (शेअर इंडेक्सला जोडलेला आयुर्विमा) पॉलिसीतून लोन मिळतं, त्यासाठीच तर ४०१के (कंपनीतलं रिटायरमेंटचं खातं) बंद केलं.

गाडीचं आधी उरकतो. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्या स्मॉगमधून सुटल्या, ७६ पासून पुढे दर दोन वर्षांनी टेस्ट आहेच. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कॅटच्या (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जागी सरळ नळी आहे आणि कॅटमध्ये बसायचा तो ऑक्सिजन सेन्सर झिप टायने वर बांधून ठेवलाय. म्हणजे मिक्स्चर रिच आहे की लीन, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय की कमी, हे इंजेक्शनला कळायचा मार्गच नाही, आणि रोलरवर १५ आणि २५ मैल स्पीडला धुरातले एचसी, सीओ, नॉक्स हे घातक वायू मोजतात तिथे ही पास झाली असती तरच नवल होतं. एस्टिमेट नीट वाचा: ईओ नंबरवाला (म्हणजे कॅलिफोर्नियाने मान्य केलेला) कॅट, सेन्सर, ट्यूनिंग, ऑइल मिळून साधारण ३,०००, बाकीचे ४,५०० "उघडलंच आहे तर करून घेऊ" या सदरातले. ते राहू द्या.

मागच्या मालकाने हीट एक्सचेंजरही बदललेत, त्यावर साधा स्मॉग स्टेशनवाला अडवेल. पण गाडी ३५ वर्षांच्या पुढची आहे, कलेक्टर इन्शुरन्स (हौसेच्या जुन्या गाड्यांचा विमा) घेतलात तर स्मॉग रेफरीकडे, म्हणजे राज्याच्या खास तपासनिसाकडे जाता येतं, तो टेलपाइपचा धूर, फ्युएल कॅप आणि पेट्रोल गळतंय का एवढंच बघतो. टेलपाइपला सूट नाही, म्हणून कॅट आलाच. जाताना इंजिन चांगलं तापवून न्या, आणि आधी प्रीटेस्ट (नोंद न होणारी चाचणी) करा. लेनो लॉ म्हणजे सिनेट बिल ७१२ ऑगस्ट २०२५ मध्ये असेंब्लीच्या कमिटीतच अडकलं, त्याच्या भरवशावर गाडीचा भाव वाढेल म्हणून बसू नका.

आणि हे तुम्ही विचारलंच नाही, पण गाडी विकताना स्मॉग सर्टिफिकेट द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची असते, "ॲज इज" लिहून घेतलं म्हणून ती टळत नाही. त्याला बिलं जोडून लेखी पत्र पाठवा, नाही ऐकलं तर स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे, तिथे १२,५०० पर्यंतचा दावा चालतो आणि वकील लागत नाही.

आता पॉलिसी. मंडळाच्या गणपतीत ओळख झालेल्या गृहस्थांनी "टॅक्स-फ्री रिटायरमेंट" म्हणून गळ्यात मारलेली. महिन्याला १,५००, तीन वर्षं, ५४,००० भरून झाले. स्टेटमेंटवर कॅश व्हॅल्यू ३८,००० आणि त्याखाली बारीक अक्षरात सरेंडर व्हॅल्यू २३,०००. म्हणजे आज बाहेर पडलात तर ३१,००० गेले, आणि तुम्हाला ७,५०० चं एस्टिमेट टोचतंय!

तुम्ही जोडलेलं इलस्ट्रेशन, म्हणजे पॉलिसीच्या पुढच्या वर्षांच्या अंदाजाचा तक्ता, मी उघडून बघितलं. उजवीकडच्या कॉलमवर एजंटने पिवळा हायलाइटर मारलाय, दर वर्षी न चुकता ६.५ टक्के, पासष्टीनंतर वर्षाला ८०,००० काढा. डावीकडचा गॅरंटीड कॉलम वयाच्या ६६ व्या वर्षी शून्यावर येतो आणि पुढे कोराच आहे. त्याला हायलाइटर नाही. ६.५ येणार कुठून? इंडेक्सचा डिव्हिडंड तुम्हाला मिळत नाही, वर ९ टक्क्यांची कॅप आहे जी कंपनी बदलू शकते, २०२३ मध्ये एसअँडपी ५०० सुमारे २४ टक्के चढला तरी अशा कॅपखाली हातात ९ च. पडत्या वर्षी शून्याची हमी म्हणतात, पण चार्ज त्या वर्षीही कापतात, आणि इन्शुरन्सचा दर वयाबरोबर वाढतच जातो. लोन म्हणाल तर स्वतःच्याच पैशांच्या तारणावर व्याज भरून घेतलेलं कर्ज, ते टॅक्स-फ्री असतं यात विशेष काय, क्रेडिट कार्डचं कर्जही टॅक्स-फ्रीच असतं की.

खरं नुकसान वेगळंच आहे. पगार १,८०,०००, कंपनी ४ टक्के मॅच करते (४०१के मध्ये तुम्ही टाकाल तेवढेच, पगाराच्या ४ टक्क्यांपर्यंत, स्वतःकडून घालते), म्हणजे वर्षाला ७,२०० तुम्ही टेबलावर सोडून उठताय. शिवाय हेच १८,००० ४०१के मध्ये गेले असते तर फेडरल आणि स्टेट मिळून तेहेतीसेक टक्क्यांनी ६,००० टॅक्स वाचला असता. वर्षाला १३,०००, तीन वर्षांचे ४०,०००. टॅक्स पुढे भरायचा असतो हे मान्य, पण हुकलेली मॅच परत येत नाही.

"सरेंडर चार्ज कमी होईपर्यंत थांबू" हे एजंट नक्की सांगेल. तुमच्या तक्त्यात तो वर्षाला १,५०० ने उतरतो, त्यासाठी १८,००० भरत राहायचं आणि ७,२०० सोडायचे? मला हे गणित जमत नाही. पुढचं सगळं बघायचंच असेल तर कंपनीकडून ४.५ टक्क्यांवर नवीन इन-फोर्स इलस्ट्रेशन (चालू पॉलिसीचा आजच्या आकड्यांवरचा तक्ता) मागवा, फुकट मिळतं. माझं मत सरेंडरचं आहे, भरलेल्यापेक्षा कमीच मिळणार असल्याने त्यावर टॅक्सही नाही. पण क्रम उलटा करू नका: आधी २० वर्षांची १० लाख डॉलरची टर्म (नुसतं विम्याचं कव्हर, बचत नाही) घ्या, धडधाकट, सिगरेट न ओढणाऱ्या माणसाला तुमच्या वयात महिना साठ-सत्तर डॉलरमध्ये मिळते, ती चालू झाली की मगच ही बंद. बायकोचीही घ्या, तिच्या नावावर काहीच दिसत नाही.

आलेल्या २३,००० मधून ३,००० पोर्शला द्या, माझी हरकत नाही, हौस आहे तर हौस म्हणून करा, पत्रात तिला दोनदा इन्व्हेस्टमेंट म्हटलंय ते सोडा. उरलेले २०,००० इमर्जन्सी फंडात, तो तुमच्याकडे नाहीच आहे.

एजंट "तुम्हीच एजंटचं लायसन्स काढा, तुमचं कमिशन तुम्हालाच" असंही म्हणेल, फोन ठेवून द्या. २० तारखेचा ऑटोपे आजच थांबवा, प्रीमियम चुकला म्हणून पॉलिसी लगेच बंद पडत नाही, टर्म हातात येईपर्यंत चार्ज कॅश व्हॅल्यूतून कापले जातील. आणि एचआरच्या पोर्टलवर जाऊन ४०१के निदान ४ टक्क्यांवर आणा, पुढच्या पगारापासून मॅच सुरू होईल.