वाचक विचारतात: रोमकडे तोफा असत्या तर?

प्रश्न: माझा मुलगा कॉम्प्युटरवर साम्राज्यं उभी करायचा गेम खेळतो. परवा त्याने रोमन सैन्याला बंदुका आणि तोफा दिल्या आणि एका शनिवारात अख्खं जग जिंकलं. मी म्हटलं असं झालं नसतं रे, तो म्हणाला का नसतं, आणि मला पुढे बोलताच येईना. खरंच रोमन लोकांना तोफेची दारू सापडली असती तर साम्राज्य टिकलं असतं का? (एक बाबा, नाशिक)

उत्तर: मुलाला एवढंच विचारा की गेममध्ये दारू कधी संपते का. बहुतेक नाही संपत, कारण गेमवाले बंदूक देतात आणि तिच्या मागचं सगळं गुपचूप फुकटात देतात. तोफेच्या दारूत तीनच गोष्टी, कोळसा, गंधक आणि सोरा. कोळसा रोमन लोकांकडे ढिगाने, गंधक सिसिलीत, पण चांगल्या दारूत शंभरातले पंचाहत्तर भाग सोराच लागतो आणि घोडं तिथेच पेंड खातं. सोरा म्हणजे काय, तर गोठ्याच्या, उकिरड्याच्या जुन्या मातीवर पांढरट फुलोरा येतो ना, ती माती धुवायची, ते पाणी आटवायचं, परत शुद्ध करायचं. युरोपात त्यासाठी शेणमुताचे ढीग महिनोन्महिने सांभाळत बसायचे आणि तरी पुरायचं नाही, म्हणून 17व्या-18व्या शतकात डच, इंग्रज, फ्रेंच सगळे बिहारच्या दारात उभे. तिथे नोनिया लोक मातीतून सोरा काढायचे आणि तो जहाजं भरभरून तिकडे जायचा. प्लासीनंतर इंग्रजांनी ही खरेदी स्वतःच्या मुठीत घेतली, आणि फ्रान्सला 1775 मध्ये सरकारी दारूखात्यात लाव्हॉझियेसारखा केमिस्ट आणून बसवावा लागला, म्हणजे बघा.

आता हेच रोमला लावा. रोमन लेखक प्लिनी तर आधीच रडत होता की हिंदुस्थान दरवर्षी आमचे 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) खेचून नेतो, आणि ते मिरी आणि चैनीच्या मालासाठी. त्यात सोऱ्याचं बिल आलं असतं तर बिचाऱ्याने पुस्तकच फाडलं असतं. तिकडून येणारी जहाजं मान्सूनच्या वाऱ्यावर, म्हणजे वर्षाला एक फेरी. आणि बंदरांत राजकारण वेगळंच. पेरिप्लस नावाचं त्या काळातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याचं टिपण आहे, त्यात लिहिलंय की कल्याणला लागलेली ग्रीक जहाजं पहारा लावून भडोचला नेली जायची, कारण सातवाहन आणि क्षत्रप ह्यांचं आपसात भांडण. समजा तेव्हाही इकडून सोरा गेला असता, तर ह्या भांडणात एक हंगाम बुडाला की रोमच्या सरहद्दीवरच्या, ऱ्हाइन नदीकाठच्या तोफा वर्षभर गप्प. (तुमच्यातले काही जण लगेच पानिपताकडे निघाले असतील, परत या, तो वेगळ्या अंकाचा विषय आहे.)

बरं, सोरा मिळाला असं धरू. मग तोफा कोणाच्या हातात? सेनापतींच्या. आणि रोमचा सगळ्यात जुना शत्रू म्हणजे रोमचेच सेनापती, हे मला तरी सोऱ्यापेक्षा मोठं दुखणं वाटतं. इ.स. 69 मध्ये एका वर्षात 4 बादशहा झाले. 193 मध्ये राजधानीतल्या बादशहाच्या अंगरक्षकांनीच बादशहाला मारलं आणि गादीचा चक्क लिलाव केला, डिडियस ज्युलियानसने दर शिपायामागे 25,000 सेस्टर्स बोलून ती घेतली आणि 66 दिवसांत त्याचाही निकाल लागला. पुढे 235 ते 284 ह्या पन्नासेक वर्षांत वीसच्या वर बादशहा, बहुतेक सगळे आपल्याच किंवा दुसऱ्या कोणा रोमन सैन्याच्या हातून गेलेले. असल्या घरात तोफखाना आला तर तो आधी कोणावर रोखला जाईल, तुम्हीच सांगा. गेममध्ये सैन्य बंड करत नाही हो, तिथे माऊसचा बाण दाखवला की चालतं.

पण तुमच्या मुलाला हरवायचा खरा हुकमी एक्का पुढेच आहे. हा प्रश्न "मिळालं असतं तर" असा राहतच नाही, कारण असलं शस्त्र रोमच्या दारात आलं होतं, एकदा नाही दोनदा. पश्चिमेकडचा रोम पडल्यावर पूर्वेकडचा कॉन्स्टँटिनोपलचा (आजचं इस्तंबूल) जो उरला तो स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणवायचा. 7व्या शतकात त्यांच्याकडे ग्रीक फायर आली, नळीतून फवारायची आणि पाण्यावरही जळत राहणारी आग, तिने अरब आरमाराचे वेढे मोडले, 717-718 चा मोठा वेढासुद्धा. मग ती इतकी लपवली की 10व्या शतकात बादशहा सातवा कॉन्स्टंटाइन मुलाला लिहून ठेवतो, परक्यांनी मागितली तर सांग की ही देवदूताने दिलेली आहे, बाहेर द्यायची नाही. मला हे वाचून आपल्याकडचे मसाल्याची रेसिपी सुनेलाही न सांगणारे लोक आठवले. व्हायचं तेच झालं, रेसिपी हरवली आणि ती नक्की कशाची होती हे आजही ठामपणे सांगता येत नाही.

दुसऱ्यांदा 1450 नंतर. ऑर्बान नावाचा हंगेरीकडचा तोफा ओतणारा कारागीर आधी रोमन बादशहा अकरावा कॉन्स्टंटाइन ह्याच्याकडेच आला होता, म्हणाला मोठी तोफ करून देतो. बादशहाच्या तिजोरीत त्याला पगार द्यायला पैसे नव्हते आणि धातूही नव्हता. मग तो तुर्कांचा सुलतान दुसरा मेहमेद ह्याच्याकडे गेला, त्याने मागितलं त्याहून जास्त दिलं. एदिर्नेला ओतलेली ती तोफ जवळपास 8 मीटर लांब, ओढायला 60 बैल, गोळा अर्ध्या टनाच्या वर, आणि एवढं करून दिवसाला सातेक बारच व्हायचे. पण कॉन्स्टँटिनोपलची तटबंदी हजार वर्षांची जुनी होती आणि आत लढणारे जेमतेम 7,000. 29 मे 1453 ला शहर पडलं. शस्त्र स्वतः चालत दारात आलं होतं आणि ते विकत घेता आलं नाही. मुलाला म्हणावं, पुढच्या वेळी गेममध्ये तिजोरी शून्य करून खेळ.

प्रश्न: नमस्कार, मी अकरावीत आहे. जर्मनीतल्या टॉयटोबर्गच्या जंगलात रोमन सेनापती वारुसच्या 3 लिजन (हजारोंच्या सैन्यतुकड्या) कापल्या गेल्या. तिथे त्यांच्याकडे बंदुका असत्या तर ते वाचले असते का? (सातारा)

उत्तर: तू अगदी नको ती लढाई निवडलीस. इ.स. 9 मधल्या त्या लढाईची जी वर्णनं आहेत त्यात मुसळधार पाऊस आणि वादळ आहे, आणि जुन्या तोड्याच्या बंदुकीला पेटती वात लागते, ती आणि दारू दोन्ही भिजली की हातात उरते काठी, ती पण भाल्याहून आखूड. शिवाय ज्या जर्मन सरदार आर्मिनियसने त्यांना जंगलात गाठायचा हा डाव टाकला तो रोमन सैन्यातच अधिकारी होता, रोमन नागरिक होता. बंदुका असत्या तर त्या चालवायचं ट्रेनिंग त्यालाही मिळालंच असतं. तुला कोणाला मदत करायचीच असेल तर क्रॅसस ह्या रोमन सेनापतीला कर, इ.स.पू. 53, आजच्या तुर्कस्तानातलं कार्हाय, उघडं कोरडं मैदान, इराणकडचे पार्थियन घोडेस्वार लांबून गोल फिरत बाण मारतायत आणि बाण संपले की उंटांवरून नवे येतायत. तिथे छर्रे भरलेल्या दहा-वीस तोफांनी काहीतरी फरक पडला असता असं मला वाटतं. आणि एक गंमत, शिशाची गोळी रोमन लोकांकडे होतीच, गोफणीतून मारायचे. इ.स.पू. 41-40 च्या इटलीतल्या पेरुजियाच्या वेढ्यातल्या गोळ्यांवर शत्रूला उद्देशून मजकूर कोरलेला आहे, तो इथे छापता येणार नाही, कॉलेजच्या सरांनाही विचारू नकोस.

प्रश्न: मी फाउंड्रीत आयुष्य काढलं. सोरा, राजकारण वगैरे तुमचं तुम्ही बघा. मला फक्त सांगा, त्यांना तोफ ओतता आली असती का? (एक निवृत्त मोल्डर, कोल्हापूर)

उत्तर: काका, बिडाची नाही, ब्राँझची हो. बीड ओतण्याइतकी भट्टी तापवणं चीनला इसवीसनाच्या आधीच जमलं होतं, रोमन लोकांचं लोखंड मात्र भट्टीतून गोळा काढून ठोकायचं. पण ब्राँझमध्ये ते उस्ताद. मेणाच्या साच्यावर पोकळ ओतकाम करायचे, नीरोचा तीसेक मीटरचा पुतळा झेनोडोरसने उभा केला. लहान नमुना तर तुमच्या गावातच आहे, ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेला ब्राँझचा पोसायडन (ग्रीकांचा समुद्रदेव), टाऊन हॉल म्युझियममध्ये, बघितला नसेल तर ह्या रविवारी जाऊन या आणि ओतकाम कसं वाटतं ते कळवा. तोफेचं ओतकाम जाड भिंतीचं, दाब सोसणारं, आत एक पोकळी राहिली तर गोलंदाजच उडायचा, हे तुम्हाला मी काय सांगणार. युरोपातही चर्चच्या घंटा ओतणारेच पुढे तोफा ओतायला लागले, म्हणजे हात तोच, फक्त सवय वेगळी.

आणि रोमन ब्राँझच्या तोफा झाल्यासुद्धा. हेड्रियन बादशहाने बांधलेल्या रोममधल्या पँथिऑन ह्या देवळाच्या दर्शनी मंडपाचं ब्राँझ 1625 मध्ये आठवा अर्बन ह्या पोपने काढलं आणि त्यातल्या बहुतेक धातूच्या तोफा ओतून कास्तेल सांतांजेलो किल्ल्यासाठी दिल्या. तो किल्ला म्हणजे मुळात हेड्रियनचीच कबर.