मूर्ती कशाची?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

घोडबंदर रोडवरच्या तुझ्या घरी यंदा प्रथमच गणपती बसणार, ऐरोलीच्या कंपनीतल्या पाळ्या सांभाळून पाच दिवस निभावणार नाहीत, आणि दीड दिवसावर आणलेस तर घराण्याची परंपरा मोडेल असे काका म्हणतात. तुझे पत्र मी दोनदा वाचले. दिवसांची चिंता तू उगाच करतेस. व्रत भाद्रपद शुद्ध चतुर्थीचे आहे. दीड, पाच, गौरींबरोबर की अनंत चतुर्दशीपर्यंत, हे ज्या त्या घराच्या कुलाचारावर असते. पण मूर्ती कशाची आणणार, हे पत्रात कुठेच नाही, म्हणून मी लिहायला बसलो.

पूजेची पोथी उघड. तिथे शब्द आहे पार्थिव गणपती. पृथ्वीचा तो पार्थिव. मातीची मूर्ती आणायची, प्राणप्रतिष्ठेने तिच्यात देवाला बोलवायचे, एकवीस दूर्वा वाहायच्या, एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखवायचा, आणि उत्तरपूजेत अक्षता वाहून, ‘पुनरागमनाय च’ म्हणत मूर्ती जागेवरून किंचित हलवायची. हलवली की देव निघाला, उरली ती माती, आणि माती पाण्याला परत द्यायची. सारा विधी एवढ्यावर उभा आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस तर पाण्यानेच घट्ट होते. ते विरघळणार कसे?

उत्सव टिळकांनीच सुरू केला ना, असे तू विचारले आहेस. टिळकांनी १८९३ पासून त्याच्या सार्वजनिक रूपाचा पुरस्कार केला, आणि पुण्यात भाऊसाहेब रंगारी यांनी आदल्याच वर्षी गणपती बसवला होता. पण घरचा गणपती त्याहून फार जुना आहे, पेशव्यांच्या शनिवारवाड्यातही तो बसत असे. मंडपाचे मोजमाप देव्हाऱ्याला लावू नकोस.

आता माझे ऐक. नौपाड्यातल्या घरी मी कितीतरी वर्षे अडीच फुटी प्लास्टरची मूर्ती आणली, कारण ती हलकी, सुबक आणि शाडूपेक्षा स्वस्त. एका वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या सकाळी ओहोटीच्या वेळी कोलशेतच्या खाडीवर गेलो. चिखलातून एक हात वर आला होता, तळव्यावरचा मोदक शाबूत, सोनेरी रंगही तसाच. तो माझ्याच घरचा होता की नाही, कोण जाणे. त्यानंतरही दोन वर्षे मी प्लास्टरच आणले. आईला मोठी मूर्ती आवडते, असे सगळ्यांना सांगत असे. खरे तर शेजाऱ्यांपेक्षा लहान मूर्ती जिन्यावरून नेताना मलाच लाज वाटली असती. त्या काळी सगळेच तसे करत, हेही खरे आहे.

तेव्हा काकांना हवे तर पाच दिवस मान्य कर, पण माती सोडू नकोस. महापालिकेच्या कृत्रिम तलावात सोडायची तर प्लास्टर चालेल, हा युक्तिवाद मला ऐकवू नकोस. तो मीच पुष्कळदा केला आहे. श्रावणातच शाडूची मूर्ती सांगून ठेव, फूटभरापेक्षा मोठी नको, आणि घेताना उलटी करून तळ पाहा: रंग वरून सारखेच दिसतात, तळाला मात्र करडी माती दिसली पाहिजे. शाडू जड असतो आणि चटकन तुटतो, म्हणून रिक्षात मांडीवर घेऊन बस.

विसर्जन घरीच बादलीत कर. माती विरघळून तळाला बसू दे, मग वरचे पाणी झाडांना घाल. विसर्जनाहून रिकाम्या पाटावर चिमूटभर माती परत आणायची पद्धत तुझ्या आजीकडे होती. ती तू त्याच गाळातून घे.