मलाजखंडची तांब्याची खाण खरंच ‘पॉर्फिरी’ आहे का? आणि गारगोटीतले ते चमकदार राखाडी पापुद्रे कसले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बालाघाटला नातेवाइकांकडे गेला होता, मलाजखंडच्या बाजूचा गारगोटीचा एक तुकडा कुणीतरी हातात दिला. त्यात शिशासारखे चमकणारे मऊ पापुद्रे आहेत. एक जण म्हणतो ग्राफाइट, दुसरा म्हणतो मॉलिब्डेनम. शिवाय मलाजखंडला कुठे ‘पॉर्फिरी साठा’ म्हटलंय, तर कुठे नुसतं ‘क्वार्ट्झ रीफ’, म्हणजे गारगोटीची जाड भिंत. मग खरं काय?

आधी पापुद्र्यांचं बघू, कारण मोठ्या वादाची किल्लीही त्यांच्यातच आहे.

मी १९९१ साली एम.एस्सी.च्या सहलीत मलाजखंडला गेलो. गोंदियाहून छोट्या लाइनच्या गाडीनं बालाघाट, तिथून जीपनं बैहरवरून पुढे. खाणीवर कोअर बॉक्स, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दांड्यांच्या पेट्या, मांडून ठेवलेले होते आणि आम्हाला त्यांचं लॉगिंग, म्हणजे तपशीलवार नोंद, करायची होती. एका पांढऱ्या गारगोटीच्या भेगेत राखाडी चकाकी दिसली, बोटाला काळं लागलं, आणि मी वहीत ऐटीत ‘ग्राफाइट’ लिहिलं. सर काही बोलले नाहीत. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी पांढरी बशी उलटी केली, खिशातून तो तुकडा काढला आणि बशीच्या गुळगुळीत भागावर घासला. रेघेला हिरवट झाक होती, म्हणजे ते मॉलिब्डेनाइट, मॉलिब्डेनम धातूचं गंधकयुक्त खनिज. ग्राफाइटची रेघ नुसती काळी-राखाडी येते. मॉलिब्डेनाइटचा रंगही किंचित निळसर असतो आणि ते ग्राफाइटच्या दुपटीहून जड असतं, पण बारीक पापुद्रा तळहातावर तोलून काय कळणार! बशीच बरी. तुम्हीही करून बघा. तिथल्या ग्रॅनाइटात गारगोटीच्या शिरेत पापुद्रे असतील, तर ते मॉलिब्डेनाइट असण्याचीच शक्यता जास्त.

आता पॉर्फिरी. या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. खडकाच्या पोताचं नाव म्हणून पॉर्फिरी म्हणजे बारीक कणांच्या लगद्यात मोठे स्फटिक. शेंगदाण्याच्या चिक्कीत दाणे असतात तसे. साठ्याचं नाव म्हणून मात्र पॉर्फिरी म्हणजे एक घडण्याची रीत. समुद्रतळाचा पट्टा दुसऱ्या पट्ट्याखाली दबत जातो, वर पाणीदार शिलारस तयार होतो, तो जमिनीखाली काही किलोमीटरवर येऊन थांबतो. थंड होताना त्यातलं पाणी वेगळं निघतं आणि जाताना तांबं, मॉलिब्डेनम, गंधक सोबत घेऊन जातं. दाब इतका वाढतो की आजूबाजूचा खडक चहूबाजूंनी तडकतो, आणि त्या हजारो बारीक भेगांत गारगोटीबरोबर खनिजं बसतात. म्हणून हे साठे अवाढव्य असतात, पण त्यांतला धातू विरळ. टनाला पाच-सात किलो तांबं म्हणजे बरं म्हणायचं. चिलीतलं चुकिकामाता, एल तेनिएन्ते ही यातली बडी नावं. जगातल्या मॉलिब्डेनमचा मोठा वाटा अशाच खाणींतून तांब्याच्या पाठोपाठ निघतो.

मलाजखंडला गेलात तर यातलं काहीच पटकन दिसत नाही. दिसते ती सुमारे दोन किलोमीटर लांबीची, धनुष्यासारखी वाकलेली गारगोटीची भिंत. ती साधारण उत्तर-दक्षिण पसरलेली आणि पूर्वेकडे चांगलीच कललेली आहे. तिच्यात चाल्कोपायराइट (तांबं, लोखंड आणि गंधकाचं खनिज) आणि पायराइट (लोखंड आणि गंधकाचं), मॉलिब्डेनाइट अगदी थोडं. भोवतीचा खडक राखाडी ग्रॅनाइटाच्या जातीचा, पण भिंतीजवळ आलात की तो गुलाबी होतो. हा गुलाबी रंग लक्षात ठेवा. गरम पाण्यानं खडकात पोटॅश भरलं की ग्रॅनाइटातलं फेल्डस्पार हे खनिज असं लालसर होतं, आणि पॉर्फिरी साठ्यांच्या गाभ्यात नेमकं हेच दिसतं. म्हणजे रूप रिफेचं, आणि खुणा पॉर्फिरीच्या.

ही भिंत सापडली कशी, तर खरं म्हणजे ती लपलेली नव्हतीच. गारगोटी झिजत नाही, त्यामुळे भोवतालचा ग्रॅनाइट खचला आणि ही टेकडी उभी राहिली. वरचं तांबं पावसापाण्यानं सडून हिरवं-निळं झालं होतं, म्हणजे मॅलाकाइट, ॲझुराइट. हिरवा दगड बघितला की माणूस खणतोच. तिथे जुन्या खोदकामाच्या खुणा होत्या आणि इंग्रजी अमदानीतल्या नोंदींतही इथल्या तांब्याचा उल्लेख आहे. पण त्यापुढे कुणी नेटानं गेलं नाही. बालाघाट म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात मँगनीज. नागपुरात तर आजही तसंच आहे.

पद्धतशीर काम सुरू झालं ते १९६९ मध्ये, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडून. यातला ड्रिलिंगचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे नुसत्या उत्साहानं भागत नाही. रीफ पूर्वेकडे कललेली असेल, तर बोअर पूर्वेच्या बाजूला उभं राहून पश्चिमेकडे तिरका मारावा लागतो, म्हणजे तो भिंतीला आडवा छेदतो. भिंतीच्या कलाबरोबर बोअर गेला तर शंभर मीटर सलग खनिज लागतं, ऑफिसात पेढे वाटले जातात, आणि नंतर कळतं की एवढ्या जाडीची भिंत नाहीच, आपण तिच्या पोटातून खाली सरकत होतो. शिवाय वरच्या सडलेल्या थरातला नमुना फसवा असतो. पाण्यानं तांबं वरून धुऊन खाली नेलेलं असतं, त्यामुळे माथ्यावर कमी, मधल्या पट्ट्यात उगाच जास्त, आणि खरी प्रत त्याखाली. तिथे मधल्या पट्ट्यात चाल्कोसाइट (तांबं आणि गंधकाचं खनिज) आणि कुठे कुठे शुद्ध तांबंही सापडलं आहे. म्हणून ताज्या खडकात खोलवर जाईपर्यंत आकडे तोंडातून काढायचे नसतात.

पुढे हिंदुस्तान कॉपरनं उघडी खाण केली आणि १९८२ मध्ये तिथला प्रकल्प सुरू झाला. अलीकडच्या दशकात त्याच खड्ड्याखाली भुयारी खाणकामाला हात घातला आहे. साठ्याचे आकडे वेगवेगळे वाचाल. गोंधळू नका, कारण किती कमी प्रतीपर्यंतचा खडक ‘धातुक’, म्हणजे काढण्याजोगा, मोजायचा यावर ते ठरतात. एका प्रसिद्ध अंदाजात किमान ०.२ टक्के तांबं असलेला सगळा खडक धरल्यावर तांब्याची सरासरी ०.८३ टक्के आणि मॉलिब्डेनमची ०.००४ टक्के येते. म्हणजे टनामागे आठ किलोच्या वर तांबं, आणि मॉलिब्डेनम जेमतेम चाळीस ग्रॅम. तुमच्या तुकड्यातले पापुद्रे बघून मॉलिब्डेनमची खाण डोळ्यांसमोर आली असेल, तर ती विसरा.

पण त्याच चाळीस ग्रॅमनी वादात मोठं काम केलं.

वाद असा होता. आयआयटी खरगपूरचे पाणिग्रही आणि मुखर्जी यांनी १९९७ मध्ये गारगोटीत अडकलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब तपासून मांडलं, की धातू आणणारं पाणी ग्रॅनाइटाशी नात्यातलं असलं तरी फारसं तापलेलं नव्हतं. नेहमीच्या पॉर्फिरीत ते खूप गरम आणि खारट असतं. मग ही पॉर्फिरी कशी म्हणायची? दुसरी अडचण वयाची. पॉर्फिरी साठे उथळ जागी होतात, म्हणून डोंगर झिजले की तेही झिजून जातात. चुकिकामाता तीन-साडेतीन कोटी वर्षांचं आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या बसाल्टहूनही धाकटं. मलाजखंडचा ग्रॅनाइट मात्र सुमारे २४८ कोटी वर्षांचा. इतकी जुनी पॉर्फिरी टिकली कशी? की ग्रॅनाइट जुना आणि गारगोटीची भिंत नंतर कधीतरी भेगेत घुसलेली?

इथे मॉलिब्डेनाइट कामाला येतं. ते तयार होताना ऱ्हेनियम हा धातू भरपूर आत घेतं आणि ऑस्मियम जवळजवळ घेतच नाही. ऱ्हेनियमचा एक प्रकार अतिशय सावकाश ऑस्मियममध्ये बदलतो. अर्धा बदलायलाच सुमारे ४,१६० कोटी वर्षं लागतात. त्यामुळे आज मॉलिब्डेनाइटात जे ऑस्मियम सापडतं ते सगळं तिथेच जन्मलेलं, आणि ते मोजलं की थेट धातू बसल्याची तारीख मिळते. ग्रॅनाइटाची नाही, धातूची. भूवैज्ञानिक होली स्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मलाजखंडच्या मॉलिब्डेनाइटाचं वय सुमारे २४९ कोटी वर्षं काढलं. ग्रॅनाइटाचं वय जवळपास तेवढंच. दोघं एकाच बाळंतपणातले. त्यांनी मलाजखंडला सरळ पॉर्फिरी साठा म्हटलं.

माझं मत विचाराल तर घराणं पॉर्फिरीचं, यात मला शंका वाटत नाही. वय जुळतं, ग्रॅनाइटाची जात जुळते, गुलाबी पोटॅशी पट्टा जुळतो. पण पाठ्यपुस्तकातली जाळीदार भेगांची आकृती घेऊन खाणीत उतराल तर निराश व्हाल, कारण इथलं बहुतेक तांबं त्या एका जाड भिंतीत गोळा झालं आहे. पाणिग्रही-मुखर्जींचं थंड पाण्याचं निरीक्षणही मी मोडीत काढणार नाही. ते भिंतीच्या गारगोटीबद्दल खरं असेल, आणि भोवतीच्या खडकातल्या बारीक शिरांची गोष्ट थोडी आधीची असेल. ‘रीफ’ लिहिणारा डोळ्यांना दिसतं ते लिहितो, ‘पॉर्फिरी’ लिहिणारा ते कसं झालं ते लिहितो. परीक्षेत विचारलं तर दोन्ही लिहा.

एक राहिलं. तुम्ही विचारलंय की भारतात याशिवाय मॉलिब्डेनम कुठे. झारखंडच्या जादुगुड्याला युरेनियमच्या खडकातून ते मधूनमधून काढलं गेलं आहे, आणि तमिळनाडूत हरूरकडच्या पट्ट्यात त्याचा शोध झाला आहे. दोन्ही पॉर्फिरी नाहीत. महाराष्ट्रात चंद्रपूरला ठाणेवासना इथे ग्रॅनाइटातलं तांबं आहे, पण तो वेगळा विषय.

तुकडा बशीवर घासलात की रेघेचा फोटो टाका. उजेड उन्हाचा घ्या, ट्यूबलाइटखाली हिरवट झाक नीट दिसेलच असं नाही.