रिकामा निकाल आल्यास आधी नेमस्पेस तपासा
एक्सक्वेरी (एक्सएमएल दस्तऐवजांतून माहिती काढण्याची भाषा) कोणतीही त्रुटी न दाखवता रिकामा निकाल देते, तेव्हा नवख्या माणसाचा संशय प्रथम डेटाबेसवर जातो. माझ्या अनुभवात मात्र दोष बहुतेक वेळा नेमस्पेसचा, म्हणजे एलिमेंटचे नाव कोणत्या शब्दसंग्रहातले आहे हे सांगणाऱ्या ओळखीचा, निघतो. टीईआयच्या (ग्रंथ व हस्तलिखितांचा मजकूर एक्सएमएलमध्ये मांडण्याच्या प्रमाणाच्या) फायलींप्रमाणे मूळ एलिमेंटवर डीफॉल्ट नेमस्पेस घोषित असेल, तर उपसर्गाविना लिहिलेला पाथ (एलिमेंटपर्यंत नेणारा मार्ग) एकाही एलिमेंटशी जुळत नाही, आणि तो व्याकरणदृष्ट्या बिनचूक असल्यामुळे इंजिन तक्रारही करत नाही. खात्रीसाठी एलिमेंटच्या नावाआधी तारांकन व अपूर्णविराम लावून पाहा. उत्तर मिळाले, तर क्वेरीच्या प्रारंभी नेमस्पेस रीतसर घोषित करा, कारण ही युक्ती केवळ निदानापुरती ठीक आहे.

तरीही निकाल रिकामाच राहिला, तर पाथ एकेका पायरीने तोडून प्रत्येक टप्प्यावर काउंट फंक्शनने नोड मोजावेत.

चुकीचा निकाल अधिक फसवा असतो. स्कीमा (मूल्यांचे प्रकार ठरवणारी नियमावली) नसलेल्या दस्तऐवजातील दोन मूल्यांची थेट तुलना केल्यास ती मजकूर म्हणून होते, आणि मग 9 हे 10 पेक्षा मोठे ठरते. अशा ठिकाणी दोन्हींचे संख्येत रूपांतर करावे.

क्वेरी संथ चालत असेल, तर बेसएक्स या एक्सएमएल डेटाबेसमध्ये क्वेरीची माहिती उघडून इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) वापरला गेला का, ते पाहावे. एक्झिस्ट-डीबी या दुसऱ्या एक्सएमएल डेटाबेसमध्ये इंडेक्सची व्याख्या बदलल्यावर जुने दस्तऐवज पुन्हा इंडेक्स करावे लागतात, हे हमखास विसरले जाते.