गावच्या देवराईसाठी आम्हा मुलांना ५०,००० रुपयांचं छोटं अनुदान कसं मिळेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव, कॉलेजात जाणारी नऊ मुलं-मुली, त्यातली दोघं अजून १८ वर्षांची नाहीत. देवराईची एक कड उजाड झाली आहे, तिथे स्थानिक झाडं लावून जगवायची आहेत. नोंदणीकृत संस्था नाही. पैसे कोण देईल आणि अर्जात काय लिहायचं?

आधी सातबारा काढा. देवराई 'देवाची' असली तरी कागदावर ती देवस्थान इनाम, वनखातं, महसूल, ग्रामपंचायत किंवा एखाद्या घराण्याची सामाईक जमीन, यांपैकी काहीही असू शकते. वनखात्याची असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय एक खड्डाही मारू नका. देवस्थानची असेल तर मानकरी आणि विश्वस्त यांचं पत्र हवं. दोन्ही बाबतींत ग्रामसभेचा ठराव जोडाच. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमाराला होतात. विषय त्यापूर्वीच सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी द्या, आयत्या वेळच्या विषयांत ढकलला तर तो राहून जातो. छोट्या अनुदानाचे बरेच अर्ज भाषेमुळे पडत नाहीत. जागा कोणाची हे सांगता येत नाही, तिथेच ते पडतात.

दुसरा अडसर खात्याचा. कोणाच्या तरी वैयक्तिक बचत खात्यात अनुदान घेऊ नका. देणारा चांगला असला तरी हिशेब, आयकर आणि गावातली कुजबुज हे सगळं त्या एका पोराच्या गळ्यात पडतं. संस्था काढायची तर सोसायटी नोंदणी कायदा, १८६० खाली किमान ७ सज्ञान सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात पुढे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालची नोंदही करावी लागते. तुमच्यात सात जण बरोबर भरतात. पण ५०,००० रुपयांच्या कामासाठी दरवर्षीचं ऑडिट आणि धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या अंगावर घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी यजमान शोधा, म्हणजे तुमचं अनुदान आपल्या खात्यात घेऊन तुम्हाला देणारी संस्था: ग्रामपंचायत, हायस्कूल चालवणारी संस्था, नोंदणीकृत ग्रामविकास मंडळ. त्यांच्याशी एक पानाचा करार करा. पैसे जमा झाल्यावर किती दिवसांत मिळणार, सह्या कोणाच्या, संस्था काही टक्के कापणार का, आणि खरेदी केलेलं सामान शेवटी कोणाचं, ही चार वाक्यं त्यात असलीच पाहिजेत. १८ खालच्या दोघांची नावं गटात जरूर लिहा, पण पालकांचं संमतिपत्र घ्या आणि कोणत्याही व्यवहारावर त्यांची सही नको.

आता पैसा. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. ती कागदावर आहे की चालू आहे ते विचारा. लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या झाडा-प्राण्यांची समितीनं ठेवायची नोंद) देवराईचं पान भरायला मदत करा, म्हणजे तुमचं काम समितीचं काम होतं आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात छोटी तरतूद मागायला आधार मिळतो. रोपांसाठी सामाजिक वनीकरणाकडे लवकर चौकशी करा. तिथे तुमच्या यादीतली सगळी झाडं मिळतील असं धरून चालू नका.

कोकणातल्या गावाला मात्र आणखी एक दार आहे आणि ते बहुतेक जण ठोठावत नाहीत: तुमचं मुंबईचं ग्रामस्थ मंडळ. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी गावात असतात. देवळासमोर दहा मिनिटं मागून घ्या, नकाशा दाखवा आणि अमुक मीटर कुंपण, अमुक टँकर पाणी अशी मागणी करा. 'पर्यावरणासाठी मदत करा' म्हटलं की पावती ५१ रुपयांची फाटते. 'एका टँकरचे १,२०० रुपये' म्हटलं की कुणीतरी दोन टँकर उचलतं. याखेरीज तालुक्याचे रोटरी-लायन्स क्लब, पतसंस्था आहेत. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी हवा असेल तर यजमान संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी असणं १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचं आहे, हे आधी विचारा.

परदेशी छोटी अनुदानं इंटरनेटवर सगळ्यात आधी दिसतात आणि मुलं तिथेच दोन महिने घालवतात. एफसीआरए, म्हणजे परकीय अंशदान (विनियमन) कायदा, २०१० प्रमाणे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय अशा कामासाठी परदेशी पैसा घेता येत नाही. नोंदणीसाठी सर्वसाधारणपणे संस्था ३ वर्षं जुनी आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च केलेली लागते. नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेनं पैसे घेऊन तुमच्या यजमान संस्थेकडे वळते करणंही २०२० च्या दुरुस्तीनं बंद झालं आहे. एखाद्याचा मामा अमेरिकेत असेल तर तो अजून भारतीय नागरिक आहे का ते बघा. भारतीय पासपोर्टवाल्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरत नाहीत, नागरिकत्व बदललेल्याची धरतात.

अर्जात किती झाडं लिहायची, यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. ५०,००० रुपयांत १,००० झाडं लावता येतात, पण जगतात त्यातली फार थोडी. २०० लिहा. तीन मीटर अंतर धरलं तर २०० झाडांना २,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण २० गुंठे लागतात. ४० बाय ५० मीटरचा तुकडा आखला तर कुंपण १८० मीटर. जानेवारीअखेरपासून पाऊस लागेपर्यंत आठवड्याला एक अशा २० पाळ्या, झाडाला १० लिटर, म्हणजे पाळीला २,००० आणि एकूण ४०,००० लिटर पाणी. ५,००० लिटरचे आठ टँकर. एका टँकरमध्ये अडीच पाळ्या होतात, म्हणून उरलेलं पाणी साठवायला उसनी टाकी लागेल, तीही आताच ठरवा. हा हिशेब अर्जात असा उलगडून लिहिलात की वाचणाऱ्याला कळतं, या मुलांनी मे महिन्याचा विचार केला आहे.

त्यावरून अंदाजपत्रक. भाव तुमच्या गावातले घाला, मी नमुन्यासाठी आकडे धरतो. २४० रोपं २५ रुपयांनी ६,०००. वरची ४० पुढच्या पावसात नांग्या भरायला (मेलेल्या झाडांच्या जागी लावायला), तोवर मंडपात सांभाळायची, त्यांची देखभाल आणि मोठ्या पिशव्या २,०००. दीड फुटाचे २०० खड्डे, कातळाच्या कडेला माणूस दिवसाला डझनभरच मारतो, म्हणून १७ मजुऱ्या ५०० रुपयांनी ८,५००. झाडाला ५ किलो प्रमाणे एक टन शेणखत ३,०००. काठ्या आणि काटेरी झाप घालून कुंपण १२,०००. टँकर ९,६००. जाळपट्टा (वणवा अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढायला सहा मजुऱ्या ३,०००. नंबरचे पत्रे, तार आणि नोंदवही १,५००. रोपांची वाहतूक ९००, साधा फलक १,०००, अडीअडचणीला २,५००. बेरीज बरोबर ५०,०००. पाणी घालायचं काम तुम्ही स्वतः करणार असाल तर २० पाळ्या, दोन माणसं, ५०० रुपये असं २०,००० रुपयांचं श्रमदान 'आमचा वाटा' म्हणून वेगळ्या रकान्यात दाखवा. टी-शर्ट, उद्घाटन, नाश्ता यातलं काही त्यात घालू नका.

काम नेमकं कुठे बिघडतं तेही सांगतो, कारण चांगल्या अर्जात धोक्यांचा परिच्छेद असतो.

उजाड कडेवर बहुतेक वेळा आधी रानमोडी (झपाट्यानं पसरणारं परदेशी तण) माजलेली असते. ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, माती ओली असताना आणि फुलं यायच्या आधी, मुळासकट उपटा. नुसती कापली तर बुंध्यातून दुप्पट फुटते. पुष्कळदा रानमोडी काढून, गुरं आणि वणवा दोन वर्षं बाहेर ठेवला की जुन्या झाडांखालची रोपं आपोआप वर येतात. म्हणून खड्डे आखण्याआधी दहा बाय दहा मीटरचे चार चौकोन आखून आपोआप आलेली रोपं मोजा. ती भरपूर असतील तर लागवड निम्मी करा आणि तो पैसा कुंपणाकडे वळवा. देवराईच्या आत मात्र काहीही लावू नका. वरच्या उघड्या सड्यावरही (कातळाच्या पठारावरही) नको. पावसात तिथे येणारी बारीक फुलं आणि गवतं हीच त्या जागेची संपत्ती आहे, झाडांच्या सावलीत ती टिकत नाहीत.

झाडं तुमच्या देवराईतलीच निवडा: जांभूळ, रातांबा, किंजळ, ऐन, बेहडा, सातवीण, बकुळ, सुरंगी. ऑस्ट्रेलियन बाभूळ, गिरिपुष्प, सुबाभूळ फुकट मिळाली तरी नकोत. स्वतः रोपं करणार असाल तर जांभूळ आणि रातांब्याचं बी सुकवून ठेवू नका, गर धुऊन चार-पाच दिवसांत पिशवीत टोचा, वाळलं की मेलं. बहाव्याचं उलट आहे, त्याचं टणक बी एका बाजूनं सॅंडपेपरवर घासल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. सहा बाय आठ इंचाच्या १,००० पिशव्यांना साधारण ४५ घनफूट मिश्रण लागतं, म्हणजे अर्ध्या ब्रासपेक्षा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडं कमी; दोन भाग माती, एक वाळू, एक कुजलेलं शेणखत. कच्चं शेण घातलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) हमखास.

वर्षभराचं रोप लावताना पिशवी फाडून तळाकडे बघा. सोटमूळ तळाला टेकून चकलीसारखं वेटोळं झालेलं असतं. ते तसंच गाडलं तर झाड दोन-तीन वर्षं बरं दिसतं आणि मग वाऱ्यात कलंडतं. धारदार ब्लेडनं तळाचा इंचभर भाग कापून टाका, मगच खड्ड्यात सोडा. आळ्यात तीन इंच वाळल्या पाल्याचं आच्छादन घाला, पण खोडापासून चार बोटं दूर, नाहीतर वाळवी चढते. जाळपट्टा डिसेंबरात, गवत पूर्ण वाळण्याआधी, कुंपणाबाहेर तीन मीटर रुंद काढा. वणवा फेब्रुवारीत लागतो आणि त्या आठवड्यात माणसं मिळत नाहीत.

वेळेचंही अर्जातच लिहून टाका. लागवड १५ जून ते १५ जुलै. पैसे ऑगस्टनंतर आले तर यंदा रानमोडी, कुंपण आणि रोपवाटिका, आणि झाडं पुढच्या जूनला. मार्चअखेर खर्च संपवा असा आग्रह झाला तर टँकरचा पैसा पाण्याआधीच संपतो, म्हणून कामाची मुदत किमान १८ महिने मागा. नाही म्हणाले तर झाडांची संख्या कमी करा, पाण्याचे पैसे कमी करू नका.

हिशेबासाठी प्रत्येक पावतीला क्रमांक घाला. मजुरांचं हजेरीपत्रक ठेवा, त्यात नाव, दिवस, दर, सही किंवा अंगठा हवा. टँकरवाला बिल देत नसेल तर व्हाउचर करून त्याची सही घ्या. ५,००० रुपयांवरच्या रोख पावतीला रेव्हेन्यू स्टँप लावा. फोटो एकाच ठरलेल्या दगडावर उभं राहून दर तीन महिन्यांनी काढा. झाडांची मोजणी नोव्हेंबरात, मेअखेरीस आणि पुढच्या नोव्हेंबरात, पत्र्यावरच्या नंबराप्रमाणे: जिवंत, मेलं, कशानं मेलं. २०० पैकी ६० मेली तर अहवालात ६० मेली असंच लिहा, आणि त्यातली किती गुरांनी, किती पाण्यावाचून, किती वाळवीनं, ते शेजारच्या रकान्यात. दुसऱ्या वर्षीचं अनुदान मागताना अर्जाला हाच तक्ता जोडायचा आहे.